सगळीकडे 3 लिहिणारा माणूस कसा पकडायचा: ‘केअरलेस’ आणि ‘रोबकॅट’ वापरून पाहिले

मी नाशकात पीएचडीवाल्यांची आकडेमोड करून देते. या खेपेला जिल्हा परिषद शाळांतल्या 150 शिक्षकांची प्रश्नावली आली. विषय नोकरीतलं समाधान, विधानं 40, ‘पूर्ण असहमत’ला 1 आणि ‘पूर्ण सहमत’ला 5. भरून घेतलेली प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये, जेवणाच्या सुट्टीआधी. पोटात कावळे ओरडत असताना कोण किती वाचून खुणा करणार!

सोबत गाइडचा निरोप होता, ‘आउटलायर काढून टाका,’ म्हणजे बाकीच्यांपासून फार दूर पडलेले आकडे. बॉक्सप्लॉटही जोडलेले. त्यात मधली निम्मी उत्तरं पेटीत येतात आणि आउटलायर ताऱ्याने दाखवतात. इथे तारेच तारे. ‘मुलांशी बोलायला आवडतं’ या विधानाला 120 जणांनी 4 दिलेला. त्यामुळे पेटीच्या दोन्ही कडा 4 वर येऊन तिची रेघ झाली आणि मनापासून 5 देणारासुद्धा आउटलायर ठरला. मध्यक आणि मॅड (मध्यकापासूनच्या अंतरांचा मध्यक) वापरून पाहिलं, तर मॅड शून्य. आता भागायचं कशाने? रोबस्ट, म्हणजे आउटलायरने न बिघडणारी, पद्धत म्हणून एमसीडीकडे (मिनिमम कोव्हेरियन्स डिटर्मिनंट) गेले, तर त्यानेही मॅट्रिक्स सिंग्युलर, म्हणजे उलटा करता न येणारा, झाल्याचं सांगून हात वर केले. त्याला निम्म्याहून थोडी जास्त माणसं निवडून त्यांचा कोव्हेरियन्स (उत्तरं एकमेकांसोबत किती बदलतात ते) काढायचा असतो, आणि इथे 120 जण एकाच आकड्यावर बसलेले. पाचच पायऱ्यांच्या स्केलवर ‘फार मोठा आकडा’ नसतोच, हे तेव्हा नीट उमगलं. गडबड शोधायची ती माणसाच्या अख्ख्या ओळीत.

म्हणून आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं ‘केअरलेस’ घेतलं. रिचर्ड येंटेस आणि फ्रान्सिस्को विल्हेल्म यांचं हे पॅकेज फुकट आहे, छोटं आहे. सगळ्यात कामाचं फंक्शन ‘लाँगस्ट्रिंग’. एकच उत्तर सलग किती वेळा आलं ते मोजतं, बस. क्रमांक 47 ने पहिल्या विधानापासून चाळिसाव्यापर्यंत 3 लिहिलेला. लाँगस्ट्रिंग 40. ‘आयआरव्ही’ म्हणजे एकाच माणसाच्या उत्तरांचं प्रमाण विचलन, ते अर्थातच शून्य.

पहिल्यांदा मात्र मीच घोळ घातला. सवयीने आधी उलट अर्थाच्या विधानांचं कोडिंग फिरवलं (1 चा 5, 2 चा 4) आणि मग फंक्शन चालवलं. सरसकट 4 लिहिणाऱ्याचे काही 4 त्यामुळे 2 झाले, त्याची माळ तुटली आणि तो निसटला. क्रमांक 47 तेवढा सापडला, कारण 3 उलटला तरी 3च. फाइल कच्ची द्यायची, आणि विधानं छापली त्याच क्रमाने.

महालनोबिस अंतर, म्हणजे एखाद्याची ओळ सगळ्यांच्या सरासरीपासून किती दूर आहे ते, काढणाऱ्या फंक्शनचं नाव आहे ‘महाड’. माझ्या रायगडच्या मैत्रिणीला केवढा आनंद झाला, म्हणाली, चवदार तळं आलं वाटतं आर मध्ये. 1936 मध्ये हे अंतर मांडणारे प्रशांतचंद्र महालनोबिस कोलकात्याचे, पण असो. फंक्शनवर माझा भरवसा निम्माच. क्रमांक 47 चं अंतर अगदी किरकोळ आलं! सगळीकडे मधला आकडा लिहिणारा माणूस सरासरीच्या जवळच राहणार, तो दूर कशाला जाईल? उलट यादीच्या टोकाला आले क्रमांक 113. त्यांची ओळ मी वाचली. मुलांशी बोलायला आवडतं 5, शिकवण्यात समाधान 5, वरिष्ठ ऐकून घेतात 1, अशैक्षणिक कामं फार 5, शाळा बदलावीशी वाटते 1. यात बेफिकिरी कुठे आहे? बाईंनी एकेक वाक्य वाचून उत्तर दिलंय, फक्त बाकीच्यांसारखं नाही. शिवाय ‘महाड’ची सीमारेषा काय-वर्ग (काय-स्क्वेअर) वितरणावरून येते, मागे नॉर्मल वितरण गृहीत धरलेलं. 1 ते 5 च्या खुणांना ते लागू करणं म्हणजे जरा ओढूनताणूनच.

‘सायकसिन’ एकमेकांशी घट्ट जुळणारी विधानं शोधतं, सहसंबंध 0.60 च्या वरची, आणि एखाद्या माणसाची उत्तरं त्यांत जुळतात का ते बघतं. आमच्या प्रश्नावलीत अशा जोड्या इतक्या थोड्या निघाल्या की मी ते सोडून दिलं.

मग ‘रोबकॅट’. मॅक्स वेल्झ, अँड्रियास अल्फॉन्स आणि पॅट्रिक मायर यांचं. हे कोणालाच काढून टाकत नाही, आणि मला तेच आवडलं. दोन विधानांचा 5 गुणिले 5 चा तक्ता घेतं, पॉलिकोरिक मॉडेलप्रमाणे (1 ते 5 च्या खुणांमागे सलग मोजमाप आहे असं ते धरतं) प्रत्येक चौकटीत किती माणसं हवीत ते बघतं आणि जिथे भलतीच गर्दी दिसते त्या चौकटीचं वजन उतरवतं. ‘कामाचा ताण झेपतो’ आणि ‘कामाचा ताण झेपत नाही’ या जोडीवर चालवलं. साधा पॉलिकोरिक सहसंबंध उणे होता खरा, पण अगदी मरगळलेला. 3-3 आणि 4-4 च्या चौकटींत बसलेल्या मंडळींनी तो वर ओढलेला. रोबकॅटने ठसठशीत उणे दिला, जसा मराठी वाचता येणाऱ्या माणसांकडून यायला हवा तसा.

दोन्ही पॅकेजं घ्या, पण आर येत असेल तरच. माउसने टिचकी मारून चालणारं यातलं काही नाही. पाच पैकी चार गुण. एक कापला तो ‘महाड’साठी, आणि पाचवर सरसकट खूण करायला आता मला भीतीच वाटते.

क्रमांक 47 विश्लेषणातून काढला, परिशिष्टात कारणासकट नोंदवला. 113 ठेवल्या. गाइड अजून ‘तो तारा काढा’ म्हणतायत. मी त्यांना 113 ची अख्खी ओळ प्रिंट काढून पाठवली आहे.