बाहेरून आलेल्याने गाळा घ्यावा, की बाजार करावेत?

पूर्व विदर्भातल्या एखाद्या मोठ्या गावात बाहेरून येऊन तयार कपड्यांचा धंदा टाकू पाहणाऱ्याला पहिला निर्णय घ्यावा लागतो तो जागेचा: बसथांब्याजवळ गाळा घ्यावा, की आठवडाभर गावोगावचे बाजार करावेत. मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला; गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात येऊन दोन्ही प्रकार केले आणि सध्या बाजार करतो, त्यामुळे पुढचे विवेचन अगदी निःपक्ष आहे असा दावा करणार नाही. भाडे, अनामत आणि बाजाराची पावती यांचे आकडे गावोगाव वेगळे असतात आणि चौकशी केल्यावर कळतातच.

गाळ्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. मोजके कामगार असलेल्या छोट्या दुकानाला 2017 च्या दुकाने अधिनियमाखाली नोंदणीऐवजी केवळ सूचना द्यावी लागते, म्हणजे कागदपत्रांचा फार जाच नाही. मुद्रा योजनेतल्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते; परंतु तारण नसले तरी ‘दुकान कुठे आहे?’ हा प्रश्न बँकेत येतोच, आणि तेव्हा फलक लावलेला गाळा दाखवता आला तर बोलणे सोपे होते. नागपूरच्या गांधीबागेतले ठोक व्यापारीही ज्याला पत्ता आहे त्याला माल लवकर सोडतात. शिवाय पावसाळा आहेच. रोवणीच्या दिवसांत बाजार अर्धासुद्धा भरत नाही, आणि ताडपत्रीच्या झोळात साचलेले पाणी काठीने ढकलताना शेवटच्या रांगेतले टॉवेल भिजले की त्या दिवसाची कमाई तेथेच संपते.

बाजारात नव्या माणसाला जागाही बरी मिळत नाही. मोक्याच्या जागा वर्षानुवर्षे ठरलेल्या असतात, आणि पावती फाडणारा ठेकेदार नव्या विक्रेत्याला हमखास कडेला बसवतो. मला एका बाजारात मासळीच्या ओळीशेजारी जागा मिळाली होती. कपड्याला वास लागतो म्हणून ती कोणी घेत नसे. मात्र चामोर्शी-मुलचेरा पट्ट्यात 1960 च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची बरीच गावे वसवली गेली आहेत, आणि तिकडच्या बाजारात सर्वांत दाट गर्दी मासळीपाशीच असते. माल पिशव्यांमध्ये बंद ठेवून केवळ नमुने टांगले की वासाचा प्रश्न बराचसा मिटतो, आणि मासळी घेऊन वळणाऱ्या माणसाची नजर आधी आपल्यावरच पडते. ही जागा आता मी बदलून मागत नाही.

माझ्यापुरता निर्णय झाला तो उधारीमुळे. उधारी स्थानिक दुकानदारालाही असते हे खरे, पण त्याची वसुली भावकीतून, सोयरिकीतून, एखाद्या तेरवीच्या जेवणात सहज बोलता बोलता होऊन जाते. बाहेरून आलेल्याला ती सोय नसते. गाळ्यात बसल्यावर समोरच्या घरातल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, कारण उद्या पाण्यासाठी, विजेच्या जोडणीसाठी किंवा ग्रामपंचायतीच्या दाखल्यासाठी त्याच्याच ओळखीची गरज पडणार असते. आणि मागायला गेले तर ‘बाहेरून आला अन् आमालेच मांगते’ हे ऐकावे लागते. पोळ्याच्या आधी, म्हणजे घरात पैसा सर्वांत कमी असताना, मुलांचे कपडे वहीवर जातात. ‘धान इकलं का देतो जी,’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. धान खरेदी केंद्रावर जाते, चुकारा बँकेत जमा होतो, आणि त्यातून आधी कर्ज, मग मजुरी, मग दवाखाना असा क्रम लागत वही शेवटी येते. एवढेही मी सोसले असते. परंतु ज्याची बाकी थकते तो संकोचाने दुकानासमोरून जाणेच सोडतो, मागच्या बोळीने फिरून जातो, आणि हातात रोख पैसे आले की तोच माणूस आठवडी बाजारात दुसऱ्याकडून कपडे घेतो. माझ्या वहीतली दोन-तीन नावे मी अशी समोरच्या ताडपत्रीखाली भाव करताना पाहिली आहेत. म्हणजे पैसेही गेले आणि गिऱ्हाईकही गेले. बाजारात उधारी कोणी मागत नाही, मागितली तरी नाही म्हटल्याचा राग पुढच्या आठवड्यापर्यंत टिकत नाही.

दुसरी सोय अशी, की बाजारवाल्याला पैशाच्या मागे जाता येते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपाने, दिवाळीनंतर धान आणि गावोगावच्या मंडया म्हणजे जत्रा, महाशिवरात्रीला मार्कंड्याची यात्रा, असा पैसा या भागात फिरत असतो. गाळा मात्र एका जागी बसून त्याची वाट पाहतो. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळच्या नॉर्ग्येलिंग वसाहतीतले तिबेटी लोक हिवाळ्यात शहरांत जाऊन स्वेटर विकतात, तेही याच हिशेबाने. अर्थात त्यांच्यासारखा एकाच ऋतूत कमाई करून देणारा माल आपल्याकडे नसतो, म्हणून वर्षभराचा खर्च भागवणे आपल्याला थोडे अवघड जाते.

तरीही गाळा घेऊच नये असे मी म्हणणार नाही. ज्याची सासुरवाडी त्याच गावात आहे, किंवा घरात कोणी शिवणकाम करते, त्याने तो अवश्य घ्यावा. शिलाईचे पैसे बहुधा रोख मिळतात आणि सासऱ्याच्या शब्दावर वसुलीही होते. मुले लहान असतील तर पहाटे गाडीत माल भरून रात्री परतणे किती दिवस जमेल, याचाही विचार करावा. बाजारच करायचे ठरले, तर तीन-चार गावे पक्की करून प्रत्येक आठवड्याला न चुकता त्याच जागेवर बसावे, पाऊस असला तरीही. दोन आठवडे जागा रिकामी दिसली की ठेकेदार ती दुसऱ्याला देतो आणि परत मागताना वाद होतो. बाजाराच्या ठेक्याचा लिलाव दरवर्षी नव्याने होतो, त्यामुळे ठेकेदार बदलला की त्याला पहिल्याच आठवड्यात भेटून आपली जागा दाखवून ठेवावी.