मिररलेसच्या नादात जुना कॅमेराही गेला आणि 63,000 रुपयेही

लिहू की नको करत सहा महिने काढले. गावात सगळ्यांना कळलंच आहे, त्यामुळे आता लाज तरी कुणाची धरायची? चौदा वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. धंद्यात नवीन आलेल्या पोरांना सेकंडहँड कॅमेरा घेताना काय काय बघायचं, ते मीच शिकवायचो. तोच मी भर दुपारी, चहा पीत पीत, स्वतःच्या हातानं पैसे मोजून फसलो.

आधी हिशेब. सोनी ए7 थ्री बॉडी (मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, लेन्सशिवाय) आणि टॅमरॉनची 28-75 एफ 2.8 लेन्स, दोन्ही मिळून ठरले 1,05,000. माझा कॅनन 5डी मार्क थ्री कॅमेरा आणि 24-105 लेन्स विकणाऱ्यानं एक्स्चेंजमध्ये 42,000 ला धरले. उरले 63,000. त्यातले 20,000 यूपीआयनं आणि 43,000 रोख. वर जादा बॅटरी 3,800 आणि दोन मेमरी कार्डं 4,600. नोव्हेंबर 2024 मध्ये घेतला, मे 2025 मध्ये पोलीस घेऊन गेले. भाड्यानं नेऊन परत न केलेला माल होता. खोटं आधार कार्ड, बंद पडलेला फोन, पुढचं तुम्हाला सांगायला नको.

आता म्हणाल, चालता कॅमेरा होता तर एवढी हाव कशाला? 5डी मार्क थ्री 2012 चा. तेव्हा राजा होता आणि अजूनही दिवसाउजेडी त्याच्या रंगाला मी नाव ठेवत नाही. पण फोकस पॉइंट, म्हणजे कॅमेरा जिथं फोकस धरू शकतो त्या जागा, फक्त 61, तेही सगळे मधोमध गोळा झालेले. नवरा-नवरी कडेला गेले की आधी फोकस करा, मग फ्रेम हलवा. अक्षता पडतात तेव्हा हे कोण करणार? शिवाय तो आवाज. मंगलाष्टक संपून क्षणभर शांतता होते आणि आमचा आरसा खाडकन आपटतो. मागच्या वर्षी एका भटजींनी चक्क मान वळवून माझ्याकडे बघितलं होतं. ए7 थ्री 2018 चा, पण त्यात 693 पॉइंट आहेत, जवळजवळ अख्ख्या फ्रेमभर. समोरच्याच्या डोळ्यावर फोकस धरला की सोडत नाही. बॅटरी धरून साधारण साडेसहाशे ग्रॅम, माझा धोंडा साडेनऊशे. आणि आजकाल पार्ट्या थेट विचारतात, "मिररलेस आहे ना?" नाही म्हटलं की दहा हजार कमी करून मागतात. तेव्हा हौस म्हणून नाही, पोटासाठी घेतला. हे मी बायकोलाही सांगितलंय, तिला पटलेलं नाही.

जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर जाहिरात दिसली. पोरगा पंचवीस-सव्वीसचा, बोलायला नम्र, वाक्यागणिक "दादा". पुण्यात एका हॉटेलात भेटलो. मी लॅपटॉप घेऊनच गेलो होतो, कारण मी हुशार. दोन्ही कॅमेऱ्यांनी एकच फोटो काढला: कोपऱ्यातल्या अंधाऱ्या टेबलावरची पितळी समई. सेटिंग दोन्हीकडे एकच: आयएसओ 6400, एफ 4, शटरही तेच. लाइटरूम या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये शेजारी शेजारी लावले आणि शंभर टक्के झूम केलं. माझ्या कॅननच्या सावल्या उजळल्या तर जांभळट पट्टे उठले. सोनीच्या सावलीतून समईमागचा भिंतीवरचा खिळासुद्धा वर आला. तो खिळा बघून मी विकला गेलो.

आणि त्याच वेळी, त्याच स्क्रीनवर, उजव्या बाजूला मेटाडेटाच्या (फोटोसोबत कॅमेरा साठवतो त्या माहितीच्या) रकान्यात कॉपीराइटपुढं एक ओळ होती. कुठल्यातरी कॅमेरा रेंटलचं नाव आणि पुढं दहा आकडी मोबाइल नंबर.

मी ती वाचली. हे लिहिताना अजून कानशिलं तापतात. नजरेतून सुटली असती तर मनाला समजावता आलं असतं. वाचली, आणि विचारलंसुद्धा, "हे काय रे?" तो क्षणभरही अडखळला नाही. "दादा, मीच रेंटल चालवायचो, बंद केलं. तो माझाच जुना नंबर." बास. खिशात फोन होता. तो नंबर तिथल्या तिथं लावला असता तर एक तर समोरच्याचा फोन वाजला असता, नाहीतर खऱ्या मालकानं उचलला असता. दहा आकडे दाबायचे होते फक्त. मी काय केलं? परत समईकडे वळलो आणि सोनीचा नॉइज, म्हणजे अंधारातल्या फोटोतले दाणे, किती बारीक आहे ते बघत बसलो.

बाकीच्या खुणा आता रात्री एकेक करून आठवतात. बॉडीच्या तळाला स्टिकर काढल्याचा चिकट चौकोन होता, त्यावर धूळ बसून काळा झालेला. बॉक्स नव्हता. बिल म्हणे घर बदलताना हरवलं. तो स्वतःला व्हिडिओवाला म्हणवत होता आणि स्लो मोशन कुठून चालू होतं ते मी त्याला दाखवलं. आणि माझ्या जुन्या किटला दुकानदार 27,000 च्या वर जात नव्हते, त्याला हा 42,000 देत होता, का तर "धाकट्या भावाला शिकायला." पंधरा हजार जास्त कोण कुणाला देतं? पण आपल्या वस्तूची जास्त किंमत कुणी केली की ते आपल्याला खरंच वाटतं. वाटणारच, चौदा वर्षं जपली होती.

शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्यानं आजवर किती फोटो काढले तो आकडा, मात्र तपासला बरं का. 61,000. एकदम चांगला. चोरीच्या मालाचाही शटर काउंट चांगला असतो.

घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल, तर मेनूत जाऊन ती कॉपीराइटची ओळ पुसली आणि स्वतःचं नाव टाकलं. हे पुढं भोवलं.

मेमध्ये सेन्सर साफ करायला दिला. आरसा नसल्यामुळं लेन्स बदलताना सेन्सर उघडाच राहतो, मांडवातली धूळ थेट आत. दुकानदारानं सीरियल नंबर नोंदवला आणि गप्प झाला. मग त्यानं मोबाइल पुढं केला: फोटोग्राफरांच्या ग्रुपवरचा मेसेज, "खालील कॅमेरा चोरीस गेला आहे, आढळल्यास कळवावे," खाली माझाच सीरियल नंबर. मेसेज सप्टेंबर 2024 चा. घरी येऊन शोधला तर तो आमच्या तालुक्याच्या ग्रुपवरही आलेला होता, आणि मी तो आणखी दोन ग्रुपवर पाठवलेला होता.

मी पळालो नाही. स्वतःहून ठाण्यात गेलो. तिथं पहिला प्रश्न, "व्यवहार कुठं झाला?" पुण्यात. "मग पुण्यात जा." पुण्यात गेलो, साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी भेटले, म्हणाले, "राहता तिकडं, पैसे गेले तिकडच्या खात्यातून, तिकडंच द्या." हद्द कुठलीही असली तरी गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलंय. वकिलानं (फी 5,000) मला ते पाठ करायला लावलं. मी ठाण्यात म्हणून दाखवलं. अंमलदार म्हणाला, "वकिलालाच घेऊन या मग." शेवटी तक्रार अर्ज घेतला. गुन्हा नाही, अर्ज. त्यावर आवकचा शिक्का मिळवायला दोन हेलपाटे.

याउलट रेंटलवाल्याच्या तक्रारीवर गुन्हा आधीच दाखल होता. त्याच्या हद्दीतले दोघं पोलीस मात्र चौथ्या दिवशी माझ्या दारात हजर. पंचनाम्यात लिहिलं, "सोनी कंपनीचा काळ्या रंगाचा हँडीकॅम." मी म्हटलं, साहेब, हँडीकॅम नाही. "तुम्हाला सही करायचीय की नाही?" आत घातलेली माझी 3,800 ची बॅटरीही गेली, ती नोंदीतच नाही. मग जबाब. पुरावा म्हणून मी मोठ्या अभिमानानं समईचा फोटो दाखवला, त्यातली ती ओळ दाखवली. साहेबांनी ती सावकाश वाचली. "म्हणजे घेताना तुम्हाला दिसलं होतं. आणि नंतर तुम्ही पुसलं." चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं समजायला कारण असून घेतला, तर न्याय संहितेचं कलम 317 लागतं. दोन तास मी आरोपी की साक्षीदार हेच ठरेना. आत्तापर्यंत साक्षीदार आहे. माझ्या अर्जाचा मात्र गुन्हा व्हायला 47 दिवस लागले, आणि त्या पोराचा पत्ता आजही नाही. माझा 5डी त्यानं कधीच पुढं खपवला असणार. त्याचा सीरियल नंबर मी कुठं लिहून ठेवला नव्हता.

कॅमेरा परत मिळेल ही आशा सोडा. चोराकडून घेतलेल्या मालावर आपली मालकी लागतच नाही, पैसे कितीही मोजलेले असोत. मोबाइल हरवला तर आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) टाकायला सरकारी पोर्टल आहे, लाखाच्या कॅमेऱ्याला तसलं काही नाही. म्हणून घेण्याआधी सीरियल नंबर ग्रुपवर टाका आणि मेसेज मागे जाऊन शोधा. रोख देऊच नका, माझ्या 43,000 चा कागदावर एक शब्द नाही. ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा. मी सहा महिन्यांनी केला, तोवर त्या खात्यात काय राहणार? विकणाऱ्याच्या घरी जा, हॉटेलात नाही. बिल नाही म्हणाला तर उठा, चहाचे पैसे देऊन उठा. आणि आपल्या कॅमेऱ्याचे बॉक्स माळ्यावरून फेकून देऊ नका, निदान त्यावरचा नंबर उतरवून घ्या, आजच.

रेंटलवाल्याशी नंतर फोनवर बोललो. तोच, दहा आकडी नंबर. दुसऱ्या रिंगला उचलला.

आता तुळशीची लग्नं झाली, सीझन सुरू झालाय. कॅमेरा भाड्यानं आणतो, रोज 1,500. आधार, डिपॉझिट 10,000, दोन जामीन आणि माझा उभ्यानं फोटो. परवा भाड्यानं देणाऱ्यानं बॉडी काउंटरवर ठेवली, तर मी आधी उलटी करून तळाचा स्टिकर बघितला. त्याला वाटलं, मी तो निघतो का ते बघतोय.