टाच टोचताना बाळाला दिलासा: अंगावर पाजावं, छातीशी धरावं, की साखरेचे थेंब द्यावेत?

बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉर्डात बाळांचं रक्त घेतलं जातं, बहुतेकदा टाचेला टोचून. थायरॉईडची तपासणी असते, काविळीसाठी बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) असतं, बाळ वजनाला कमी असेल किंवा आईला मधुमेह असेल तर रक्तातली साखरही बघतात. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे पहिलं बाळंतपण बहुतेकदा माहेरी होतं. त्यामुळे अशा वेळी खाटेशेजारी आई नाहीतर मावशी असते, नवरा मुंबईहून अजून यायचाच असतो. टोचणार म्हटलं की घरचे बाळ सिस्टरच्या हाती देतात आणि तोंड फिरवून उभे राहतात. तसं करू नका. त्या दोन-चार मिनिटांत बाळाला सगळ्यात जास्त आधार तुमचाच असतो.

"एवढ्याशा जिवाला काय कळतंय" असं अजूनही कानावर येतं. १९८०च्या दशकापर्यंत बरेच डॉक्टरही तसंच धरून चालायचे, अगदी शस्त्रक्रियासुद्धा अपुऱ्या भुलीत व्हायच्या. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांचं नवजात बाळांच्या वेदनेवरचं संशोधन १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि हा समज ढासळला. बाळाचा चेहरा नीट बघितलात तर तुम्हालाही दिसेल: भुवया जवळ येऊन फुगतात, डोळे गच्च मिटतात, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत खोल घडी पडते, पायाची बोटं फाकतात. कमी दिवसांचं बाळ कधीकधी रडतही नाही, पण नाडी वाढते आणि ऑक्सिजन खाली येतो. रडलं नाही म्हणजे दुखलं नाही, असं मुळीच नसतं.

पूर्ण दिवसांचं, नीट ओढणारं बाळ असेल तर माझं मत सरळ आहे: अंगावर पाजत असतानाच टोचू द्या. कुशीची ऊब, ओळखीचा वास, ओढण्याची लय आणि दुधाची गोडी हे सगळं त्यात एकदम मिळतं. नुसतं दुपट्यात गुंडाळणं किंवा चोखणी देणं यापेक्षा याचा गुण जास्त आणि साखरेच्या द्रावणाइतकाच येतो, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. पण वेळ साधायला हवी. सुई बघून घाईघाईने छातीला लावलं तर उपयोग थोडा. टोचण्याच्या निदान दोन-तीन मिनिटं आधी बाळ ओढायला लागलेलं हवं आणि रक्त घेऊन होईपर्यंत त्याला सोडवायचं नाही. बाळ आडवं घ्या, एक पाय दुपट्याबाहेर काढून खाली सोडा, रक्त घेणाऱ्याला स्टुलावर बसू द्या. टोचलं की ओढणं क्षणभर थांबतं, हनुवटी थरथरते आणि बहुतेक बाळं पुन्हा ओढू लागतात. दूध ठसक्यात जाईल किंवा बाळ छातीला घाबरेल अशी भीती बायका बोलून दाखवतात. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही.

सिझेरियन झालंय, बसता येत नाही, किंवा बाळ अजून नीट ओढत नाही, तर उघड्या छातीवर घेण्याचा मार्ग आहे. फक्त लंगोट ठेवून बाळ उभं छातीशी धरायचं आणि वरून पांघरूण घ्यायचं. कमी दिवसांच्या बाळांसाठी ही कांगारू पद्धत १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली, आता आपल्या सरकारी रुग्णालयांतही शिकवतात. मात्र हिला वेळ लागतो, टोचण्याआधी दहा-पंधरा मिनिटं तरी बाळ छातीवर हवं. मे महिन्यात आपल्याकडे घामाने जीव नकोसा होतो हे खरं, तरी पातळ सुती पांघरुणात हे निभतं. आईला जमत नसेल तर वडिलांची छातीही चालते, आजीचीही.

तिसरा मार्ग गोड थेंबांचा. २४ टक्के साखरेचं द्रावण किंवा रुग्णालयात असणारं २५ टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं पाणी), टोचण्याआधी साधारण दोन मिनिटं जिभेच्या पुढच्या भागावर द्यायचं. असर लवकर येतो आणि काही मिनिटांत ओसरतोही. अतिदक्षता कक्षातल्या बाळाजवळ आईला थांबता येत नसेल तेव्हा हाच उपाय हाताशी असतो. पण २०१० मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात थेंबांनी चेहऱ्यावरची वेदना कमी झाली, मेंदूतला वेदनेचा प्रतिसाद मात्र कमी झाला नाही. म्हणून आई शेजारी असताना मी थेंबांना पहिला नंबर देणार नाही. काढलेलं दूध नुसतं जिभेवर घातलं तर त्याचा गुण या द्रावणाहूनही कमी.

थेंब रुग्णालयातलेच आणि डॉक्टरांना विचारूनच. घरचं साखरपाणी किंवा गूळपाणी नको. आणि "वायच मध चाटव गो, पोर गप रवात" म्हणणारी आजी प्रत्येक घरात असते, तिला प्रेमाने पण ठाम नाही म्हणा. मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो, त्यात अंग लुळं पडतं आणि श्वासही अडकू शकतो.

दुपट्यात गुंडाळणं, हातपाय पोटाशी दुमडून तळव्यांनी धरून ठेवणं, स्वच्छ बोट चोखायला देणं हे सगळं थेंबांच्या जोडीला चांगलं, एकटं तोकडं. पॅरासिटामॉल किंवा बधिर करणारं मलम टाच टोचण्याच्या दुखण्यावर फारसं चालत नाही, त्यामुळे त्याचा आग्रह धरू नका.

रक्त कुठून घेतात यानेही बराच फरक पडतो. पूर्ण दिवसांच्या बाळाची शीर सापडवणारा अनुभवी हात असेल तर हाताच्या शिरेतून घेतलेलं रक्त टाचेपेक्षा कमी दुखतं, कारण टाच पुन्हा पुन्हा दाबावी लागते आणि ते दाबणंच जास्त छळतं. तसा हात नसेल तर टाच बरी, पण टाचेच्या कडेला, टोचून आपोआप मागे जाणाऱ्या छोट्या सुईने (लॅन्सेटने). काविळीसाठी पुन्हा पुन्हा टोचायचं ठरत असेल तर कातडीवर टेकवून बिलिरुबिन मोजायचं यंत्र तिथे आहे का, हे विचारा. निळ्या दिव्याखाली असलेल्या बाळात त्या आकड्यावर विसंबता येत नाही आणि आकडा जास्त आला तर तपासणीसाठी बाळाचं रक्त घ्यावंच लागतं, पण बाकीच्या बाळांच्या काही सुया वाचतात. आणि त्या दिवशीच्या सगळ्या तपासण्या एकाच टोचण्यात बसवता येतील का, हे रक्त घेणारा दाराशी आला की लगेच विचारा, पहिली बाटली भरून झाल्यावर नाही.