अझोल्याचा बारा बाय चारचा बेड: घ्या, पण खाद्याची गोणी बंद होईल या आशेवर नको

वस्तू काय आहे ते आधी सांगतो. अझोला म्हणजे पाण्यावर वाढणारी, कोंबड्या-जनावरांना हिरवं म्हणून घालायची वनस्पती. ती वाढवायचा हा एचडीपीईच्या (एक प्रकारच्या प्लॅस्टिकच्या) जाड कापडाचा हौद. १२ फूट लांब, ४ फूट रुंद, १ फूट उंच, वरच्या कडेला दोरी ओवायला रिंगा. ऑनलाइन मागवला, घरपोच सतराशेच्या आसपास पडला. सोबत अझोल्याचं 'कल्चर', म्हणजे लावायचं बियाणं, पिशवीत घालून आलं आणि एक रंगीत कागद. त्यावर ठळक अक्षरात 'प्रोटीन २५ ते ३५ टक्के, खाद्याचा खर्च निम्मा'. या ओळीकडे नंतर येतो, कारण सगळी गोम तिथंच आहे.

मी संगमनेरजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. दुकानामागं जाळी मारून पंचवीस कोंबड्या पाळल्यात. बहुतेक गावरान, चार-पाच कावेरी या सुधारित जातीच्या. मोकळ्या सोडल्या की मुंगूस नाहीतर गल्लीतली कुत्री टपलेलीच. त्यामुळं कोंबडीला जे हिरवं स्वतः हिंडून मिळतं ते आम्हालाच नेऊन घालावं लागतं. बेड घेतला तो यासाठी.

कापडाला नाव ठेवायला जागा नाही. ३५० जीएसएम (चौरस मीटरला साडेतीनशे ग्रॅम वजन) लिहिलंय आणि हाताला तेवढं लागतंही. सांधे शिवलेले नाहीत, गरम करून चिकटवलेत, म्हणून सुईच्या भोकातून पाणी पाझरायचा प्रश्न नाही. एक उन्हाळा खाऊनही रंग उडण्यापलीकडं काही झालेलं नाही. पण जाहिरातीतल्या फोटोत बेड जसा ताठ उभा दिसतो तसा तो आपोआप उभा राहत नाही. पाइप, बांबू, जे काय असेल ते आपलं आपण आणायचं, आणि ही गोष्ट पार खाली बारीक अक्षरात लिहिलेली. मी भंगारातले अँगल लावले. नुसत्या विटा रचल्या तरी चालतं.

दुसरं म्हणजे जागा सपाट हवी. डोळ्यांना सपाट वाटते ती नव्हे, गवंडी लेव्हल पाइप लावून बघतो तशी. बारा फुटांत दोन इंचांचा उतार असला तरी एका टोकाला पाच इंच पाणी आणि दुसऱ्या टोकाला तीनच, असा प्रकार होतो. अझोल्याला चार इंच पाणी पुरतं. या मापाच्या बेडमध्ये ते साधारण साडेचारशे लिटर होतं, म्हणजे दोन ड्रमच्या वर. टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात हा आकडा आधी बघावा.

कल्चरबद्दल मात्र बोलायलाच हवं. कुरियरमध्ये बंद पिशवीत ते शिजून निघालं होतं. उघडलं तर काळपट चिखल आणि वास. विक्रेत्याला फोन लावला तर म्हणे, "पाण्यात सोडा दादा, जिवंत होईल." थोडंफार झालंही, पण भरवशाचं नाही. शेवटी शेजारच्या वस्तीवर एक गायवाले आहेत, त्यांच्याकडून पाटीभर फुकट आणलं. त्यामुळं माझा सल्ला असा की नुसतं कापड घ्या आणि बियाणं जवळपासच्या गोठ्यातून आणा. आमच्या भागात दर दोन-चार वस्त्यांमागं कुणाकडं तरी ते असतंच.

लावायची रीत सोपी आहे. चाळलेली माती पंधरा किलो पसरायची, दोन किलो ताजं शेण बादलीत कालवून ओतायचं, त्यात तीसेक ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट हे खत, पाणी भरायचं, वर अझोला शिंपडायचा. ही पद्धत मुळात कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्राच्या नार्डेप प्रकल्पानं जनावरांच्या चाऱ्यासाठी लोकांपर्यंत नेली. अझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारं नेचं. त्याच्या पानाच्या पोकळीत ॲनाबिना नावाचा जीव राहतो आणि तो हवेतला नायट्रोजन ओढून देतो. म्हणून युरिया लागत नाही. स्फुरद (फॉस्फरस) मात्र लागतं, त्यासाठी ते सुपर फॉस्फेट. स्फुरद कमी पडलं की पानं बारीक राहतात आणि लाल पडतात. आता सुपर फॉस्फेट दुकानात ५० किलोच्या गोणीत मिळतं, आणि आपल्याला पाच दिवसाला वीस ग्रॅम हवं! शेतकरी ओळखीचा असेल तर डबाभर मागून घ्यावं. लाजण्यासारखं काही नाही.

पुढची देखभाल कागदावर एका ओळीत उरकलीय. प्रत्यक्षात पाच दिवसांनी किलोभर शेण, दहा दिवसांनी पावभाग पाणी बदलायचं, महिन्याला पाच किलो माती काढून नवी घालायची. काढलेलं पाणी वाया जात नाही, भाजीच्या वाफ्याला उत्तम. आणि रोज काढणी. दोन दिवस टाळलं की थर जाड होतो आणि खालचा कुजायला लागतो. उलट फार काढलं तर मधे उघडं पाणी राहतं आणि त्यात डासांच्या अळ्या. पूर्ण झाकलेल्या पाण्यात हा त्रास नव्हता. तरी मी गप्पी मासे सोडले, कारण गावातला आरोग्यसेवक आला की पहिली मान तिकडं वळायची.

उन्हाळ्यात खरी परीक्षा. पारा पस्तिशीच्या पुढं गेला की अझोला रुसतो, आणि आमच्याकडं एप्रिल-मे चाळिशीला टेकतात. हिरवी शेडनेट लावल्याशिवाय इलाज नाही, म्हणजे तो खर्च वेगळा धरा. झाडाखाली बेड ठेवला तर सावली मिळते, पण पाला पडून सडतो. घराच्या पूर्वेची बाजू सगळ्यात बरी. सकाळचं ऊन, दुपारनंतर भिंतीची सावली.

आता हिशेब. जाहिरातीत रोज तीन किलोची गोष्ट होती. चांगल्या दिवसांत मला निथळलेला किलो-सव्वा किलो मिळतो, आणि या मापाच्या बेडमधून एवढंच निघणं रास्त आहे. तो एक किलो मी सावलीत कोरडा होईपर्यंत सुकवला आणि काट्यावर ठेवला. साठ-सत्तर ग्रॅमच्या मधे! बाकी सगळं पाणी. ते २५ टक्के प्रोटीन या सुकलेल्या भुशातलं आहे, ओल्या किलोतलं नाही. म्हणजे किलोभर ओल्या अझोल्यात प्रोटीन पंधरा-सोळा ग्रॅम. अंड्यावरची कोंबडी दिवसाला शंभर ते एकशेवीस ग्रॅम खाद्य खाते. पंचवीस कोंबड्यांचं झालं अडीच-तीन किलो, आणि लेअर खाद्यात सोळा-सतरा टक्के प्रोटीन धरलं तर रोजची गरज चारशे ग्रॅमच्या वर. त्यात आपले हे पंधरा. ओली गोधडी तोलून आत कापूस किती ते सांगावं, तसा तो 'खर्च निम्मा' आहे. कागदावरचा आकडा खोटा नाही, पण कशाचा ते लिहिलेलं नाही.

मग उपयोग काय? उपयोग भाजीचा. कोंडलेल्या कोंबडीला रोज ताजं हिरवं मिळतं. त्या एकमेकींची पिसं उपटायच्या ते कमी झालं आणि बलक चांगला केशरी झाला. आमच्या गिऱ्हाइकांना तोच रंग हवा असतो. आमची मंडळी अंडी विकते, ती म्हणते रंग बघूनच लोक परत येतात. (रंग पानातल्या पिवळ्या द्रव्यानं येतो. त्यानं अंड्यातलं प्रोटीन वाढत नाही. पण हे मी गिऱ्हाइकाला सांगायला जात नाही.) पहिल्या वेळी कोंबड्यांनी तोंड लावलं नाही. मक्याच्या भरड्यात कालवून दिला तेव्हा खाल्ला. आता टोपली दिसली की जाळीला चिकटतात. दोन-तीन पाण्यातून धुवून द्यायचा, नाहीतर शेणाचा वास राहतो. लहान पिल्लांना मी देत नाही. त्यांचं पोट पाण्यानंच भरतं.

आणि खरी तुलना करायची तर घासाशी. आमच्या जिल्ह्यात लसूणघासाला नुसतं घास म्हणतात. राहुरी कृषी विद्यापीठाचा आरएल-८८ या वाणाचा घास आम्ही दुकानामागच्या पट्टीत ऑक्टोबरात टाकला. गुंठ्याला पाव किलो बी, पहिली कापणी दीडेक महिन्यानं, मग दर तीन आठवड्यांनी, आणि एकदा लावला की तीन वर्षं तरी बघायचं नाही. किलोभर हिरव्या घासात सुकं दोनशे ग्रॅमच्या घरात आणि प्रोटीन चाळीसेक ग्रॅम. अझोल्याच्या अडीचपट, आणि रोजची शेण-माती नाही. दोन पथ्यं आहेत. बी घेताना त्यात अमरवेलाचं बी नाही ना ते बघावं, एकदा शिरली की सगळी पट्टी जाते. आणि घास बारीक कापून द्यावा. लांब काडी कोंबडीच्या गळ्याजवळच्या अन्नपिशवीत अडकून गोळा होतो. आम्ही विळ्यावर बोटाच्या पेराएवढा कापतो.

त्याहून कमी कष्ट हवे असतील तर कुंपणाला दोन शेवगे लावा. पीकेएम-१ या वाणाचा लवकर वाढतो. फांदी छाटून कोंबडीच्या मानेच्या उंचीला उलटी टांगायची. अर्ध्या तासात काड्या उरतात. पिल्लांसाठी आमची आई अजूनही मडक्यात गोणपाट, शेण आणि पाचट ओलं करून रात्री वारुळापाशी पालथं घालते आणि सकाळी ते वाळवीनं भरलेलं आणते. त्या खुराकापुढं माझा अझोला अगदीच पाणचट, असं ती रोज ऐकवते. पावसाळ्यात वाळवी मिळत नाही तेव्हा तेवढी गप्प असते.

एक लक्षात घ्या, यातलं काहीही दिलं तरी अंड्यावरच्या कोंबडीला शिंपल्यांचा चुरा वेगळा लागतोच. हिरव्यावर भागवलं तर कवच पातळ येतं.

तर कुणी घ्यावा? ज्याच्याकडं हातभर माती नाही, गच्ची किंवा फरशीचं अंगण आहे, पाणी आहे आणि रोज दहा मिनिटं देणारं माणूस घरात आहे, त्यानं डोळे झाकून घ्यावा. गच्चीवर ठेवणाऱ्यानं मात्र साडेचारशे लिटरचं वजन स्लॅबवर येणार हे आधी बघावं. ज्याच्याकडं अर्धा गुंठा मोकळा आहे त्यानं घास टाकावा आणि सतराशे वाचवावेत. शंभर कोंबड्यांवर धंदा करायचाय त्यानं हा बेड घेऊन खाद्यात काटकसर करायची स्वप्नं बघू नयेत. कापडाला पाचपैकी साडेचार, कल्चरला अर्धा, त्या रंगीत कागदाला शून्य.

संगमनेरच्या आसपासच्या कुणाला बियाणं हवं असेल तर पाटी घेऊन यावं. अझोल्याचे पैसे घेत नाही. अंडी मात्र उधार मिळणार नाहीत.