सेलेनियम थेट टीआरएनएत की सेलेनोसिस्टीन? प्रोजेक्टला काय घ्याल

बॅक्टेरिया आरएनएमध्ये ट्रेस एलिमेंट (अगदी थोडं लागणारं मूलद्रव्य) कसं बसवतात यावर काम करायचंय म्हटलं की गाडी सेलेनियमवरच येते, आणि तिथे दोन रस्ते फुटतात. सुरुवात मात्र एकच, सेलडी नावाचं एन्झाइम एटीपी वापरून सेलेनाइडचं सेलेनोफॉस्फेट करतं. म्हणजे सेलडीचं जीन उडवलंत तर दोन्ही बंद, कंट्रोल म्हणून झकास.

पहिल्या रस्त्यात सेलेनियम खरोखर आरएनएच्या बेसमध्ये जातं. ई. कोलायमध्ये लायसिन, ग्लुटामेट आणि ग्लुटामिनच्या टीआरएनएत (प्रोटीन बनवताना अमिनो आम्ल वाहून आणणारं छोटं आरएनए) 34व्या जागेवरच्या युरिडिनला, म्हणजे आरएनएच्या एका अक्षराला, आधी एमएनएमए हे एन्झाइम सल्फर लावतं, मग सेलयू हे दुसरं एन्झाइम तो सल्फर काढून सेलेनियम बसवतं. सेलेनियमचा अणुक्रमांकही 34च, निव्वळ योगायोग आहे पण लक्षात ठेवायला बरा पडतो. गंमत म्हणजे ही अदलाबदल सरळ होत नाही, सेलयू त्या सल्फरवर आधी जेरानिल गट चढवतं, तेलकट 10 कार्बनची शेपटीच, आणि मग ती शेपटी सल्फरसकट बाहेर जाते. हे जेरानिलवालं टीआरएनए पहिल्यांदा 2012 मध्ये सापडलं, म्हणजे विषय तसा ताजाच.

दुसऱ्या रस्त्यात टीआरएनए नुसता हमाल. त्याच्यावर सेरीन हे अमिनो आम्ल चढतं, सेलए हे एन्झाइम त्याचं सेलेनोसिस्टीन (सेलेनियमवालं अमिनो आम्ल) करतं आणि सेलबी हे प्रोटीन ते यूजीए या एरवीच्या स्टॉप कोडॉनवर (प्रोटीन इथे संपलं असं सांगणारी तीन अक्षरं) नेऊन प्रोटीनमध्ये घालतं, अर्थात एमआरएनएत पुढे ठराविक हेअरपिन (दुमडलेला भाग) असेल तरच. तेव्हा शीर्षकात 'आरएनएतलं सेलेनियम' लिहून हे केलंत तर व्हायवात पकडले जाल.

आता करायला सोपं कुठलं? दुसरं, वादच नाही. फॉर्मेट डिहायड्रोजिनेज या एन्झाइमला सेलेनोसिस्टीन लागतं, त्यामुळे ऑक्सिजनशिवाय वाढवलेल्या कॉलनीवर बेंझिल व्हायोलोजन (रंग बदलणारं रसायन) आणि फॉर्मेट टाकलं की जांभळा रंग येतो, सेलए नसेल तर येत नाही, डोळ्यांनी दिसतं.

सेलयूवाल्याचं तसं नाही, सेलयू उडवूनही बॅक्टेरिया आरामात वाढतात. तिथे टीआरएनए वेगळं काढून, तोडून मास स्पेकवर (रेणूंचं वजन मोजणाऱ्या मशीनवर) न्यूक्लिओसाइड, म्हणजे त्याची सुटी अक्षरं, बघावे लागतात. सल्फरच्या जागी सेलेनियम आलं की वजन साधारण 48 ने वाढतं आणि सेलेनियमच्या बऱ्याच आयसोटोपांमुळे पीकचा गुच्छ दिसतो, तो एकदा बघितला की चुकत नाही. मशीन हाताशी असेल तर मी डोळे झाकून सेलयू घेईन. मशीनसाठी दुसऱ्यांच्या मागे लागावं लागणार असेल तर सेलए घ्या आणि शीर्षक बदला.