पहिली भाषा: पायथॉन की सी?

हार्डवेअरची हौस असलेल्या नवशिक्याने आधी पायथॉन शिकावी की सी, हा प्रश्न बहुधा हातातला बोर्डच (प्रोग्रॅम चालवणारी चिप बसवलेली छोटी सर्किट-पाटी) सोडवतो. आर्डुइनो उनो या बोर्डच्या आर३ पर्यंतच्या आवृत्त्यांच्या चिपमध्ये केवळ २ केबी रॅम असल्याने तिथे मायक्रोपायथॉन (छोट्या चिपसाठीची पायथॉनची आवृत्ती) मावत नाही आणि सी-कुळातील भाषाच व्यवहार्य ठरते. २६४ केबी रॅम असलेल्या रास्पबेरी पाय पिकोवर मात्र दोन्ही चालतात. शिकण्याच्या श्रमांत पायथॉन उजवी, कारण ओळ टाइप करताच तिचा परिणाम दिसतो, तर सीमध्ये प्रत्येक बदलानंतर कंपाइल करून (यंत्राच्या भाषेत उतरवून) प्रोग्रॅम पुन्हा बोर्डवर चढवावा लागतो. शिवाय पॉइंटरची (मेमरीतला पत्ता साठवणाऱ्या चलाची) चूक मुकाट्याने मेमरी बिघडवते, आणि मला तरी हेच सीचे सर्वांत जाचक अंग वाटते. वेगात सी पुढे आहे. सेन्सरच्या नोंदी घेऊन त्यांचे आलेख काढायचे असतील, तर पायथॉन घ्यावी; मायक्रोसेकंदांचा हिशेब ठेवायचा असेल किंवा चिपचे अंतरंग जाणून घ्यायचे असेल, तर सी.