वाचनालयातलं काव्यवाचन, तिसऱ्या रांगेतून

साताऱ्यात गेली २८ वर्षं मी लाउडस्पीकर भाड्यानं देतो. लग्नं, पूजा, दहाव्याची प्रवचनं, शाळांची स्नेहसंमेलनं. त्यामुळं कुठंही गेलो की माझी नजर आधी माइकवर जाते, मग बोलणाऱ्यावर. निघताना आमची ही म्हणालीच, "तिथं जाऊन वायरी मोजत बसू नका."

निमित्त मराठी भाषा गौरव दिनाचं. २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. पेठेतल्या वाचनालयानं संध्याकाळी साडेपाचला काव्यवाचन ठेवलं होतं, प्रवेश सगळ्यांना मोफत. साउंड माझा नव्हता. वाचनालयाकडं चाकावरचा एक स्पीकर आहे, तोच कोपऱ्यात उभा केला होता. म्हटलं चला, एकदा तरी नुसतं ऐकायला बसू.

जागेला माझे पैकीच्या पैकी गुण. वरच्या मजल्यावरचं दालन, तीन बाजूंना छतापर्यंत पुस्तकांच्या मांडण्या. मंगल कार्यालयात गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती असतात. आवाज भिंतीवर आपटून माघारी येतो, एका वाक्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात जाते. पुस्तकं आवाज खातात. इथं साठेक माणसांत साध्या आवाजात बोललं तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ जातं. कवितेसाठी एवढी चांगली खोली गावात दुसरी नसेल, आणि ती वाचनालयाला फुकटात मिळालेली आहे. खरं तर स्पीकरची गरजच नव्हती.

पण स्पीकर लावला. साडेपाचचे सहा वीस झाले. मग प्रतिमापूजन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचे आभार. पहिली कविता कानावर पडायला सात वाजले.

आणि ती दोनदा पडली. त्या स्पीकरला गाणी म्हणणाऱ्यांसाठी इकोचं बटण असतं, ते कुणीतरी निम्म्यापर्यंत फिरवून ठेवलं होतं. कवी "आई" म्हणाला की मागून "आई... आई..." कवितेत ओळ संपल्यावर जी जागा सोडलेली असते ना, नेमकी तीच इको भरून टाकतो. तीन ओळी मी दम धरला. मग वाकून गेलो आणि बटण शून्यावर आणलं. परत येऊन बसलो तेव्हा हिनं डोळे मिटून घेतले होते.

वाचणारे अकरा. सगळ्यांचं सांगत नाही. सरांकडं आलेल्या, पुरात घर वाहून गेलेल्या विद्यार्थ्याची कविता अपेक्षेप्रमाणं झाली, दोनदा झाली. एक निवृत्त मास्तर बारा ओळींच्या कवितेआधी चार मिनिटं तिची पार्श्वभूमी सांगत होते. ती ऐकल्यावर कवितेत नवीन काहीच उरलं नाही. एका बाईंनी कागद बरोबर तोंड आणि माइकच्या मध्ये धरला, शब्द सगळे कागदालाच ऐकू गेले. एक कॉलेजचा पोरगा माइक ओठाला लावून वाचत होता. 'भ' आणि 'फ' आला की छातीवर ढोल वाजल्यासारखं व्हायचं, आणि कविता होती भाकरीवर! कविता चांगली होती हो. भाकरी थापताना आईच्या बांगड्या कोपराकडं सरकतात आणि भाकरी तव्यावर पडली की परत खाली येतात, असं त्यात होतं. लेकरा, माइक एक वीत लांब धर, जरा बाजूला धर, एवढंच सांगायचं होतं. चहाच्या वेळी सांगितलंही.

पंख्याचं वेगळंच चाललं होतं. पुढच्या रांगेतले आजोबा ऐकू येत नाही म्हणून बंद करायचे, मागच्या वहिनी उकडतंय म्हणून चालू करायच्या. चार वेळा झालं. दोघंही बरोबर होते.

निवेदकाबद्दल मात्र थोडं कडक लिहितो. दोन कवींच्या मध्ये प्रत्येक वेळी चार ओळींची शायरी, त्यावर स्वतःच "वाह". मी घड्याळ लावलं नव्हतं, पण कुठल्याही एका कवीपेक्षा त्यांनाच वेळ जास्त मिळाला, हे नक्की.

चहानंतर जुन्या कवींच्या कविता होत्या. मर्ढेकर वाचणारे गृहस्थ आलेच नाहीत. मग ग्रंथपाल बाईंनी मांडणीतून पुस्तक काढलं, वाचनालयाचीच प्रत, कापडी पाठीची, शिक्का मारलेली. माइक हातानं बाजूला केला. डावा हात मांडणीच्या कडेवर ठेवला आणि पिपात मेलेल्या उंदरांची ती कविता वाचली. ही कविता आजवर ज्यांनी ज्यांनी वाचली त्यांनी आवाज खर्जात नेऊन, डोळे मोठे करूनच वाचलेली मी ऐकलीय. बाईंनी तसलं काही केलं नाही. "पुस्तक आठ दिवस उशिरा आलंय, दंड भरा" हे त्या ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात वाचली. ओळ संपली की थांबायच्या, पुढची उचलायच्या. उंदीर नुसते पडून राहिले समोर. माझ्या मागचे दोन म्हातारे, जे मघापासून पेन्शनवर बोलत होते, ते गप्प झाले. नंतर एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "ह्यांच्या कवितांवर अश्लीलतेचा खटला झालेला." "सुटले त्यातनं," दुसरा म्हणाला.

मर्ढेकरांचं मर्ढे आमच्याच जिल्ह्यातलं, म्हणून थोडा अभिमान असतोच. पण मला दुसरीच गोष्ट आठवत राहिली. ते आकाशवाणीत नोकरीला होते. माइकसमोर शब्दाला किती जोर लावायचा आणि कुठं लावायचा नाही, हे रोज कानानं पारखणारा माणूस. अशा माणसाच्या कवितेवर आपण वरून आणखी जोर का लावतो, कळत नाही. माझे वडील विंदा, पाडगावकर आणि बापट या तिघांचं एकत्र काव्यवाचन ऐकून आले होते. ते सांगायचे की तिघांचे सूर तीन, पण हातात कागद असूनही समोरच्याशी बोलल्यासारखं वाटायचं. शनिवारी मला त्याची थोडी कल्पना आली.

पाचपैकी साडेतीन. दीड गुण उशीर, इको आणि निवेदन यांचे कापले. चहा गरम होता, सोबत एकेक कंदी पेढा. दुसरा मागितल्यावर मिळाला नाही, पण तो गुणांत धरलेला नाही. जाणार असाल तर सातलाच जा आणि डावीकडं, मांडणीला लागून तिसऱ्या रांगेत बसा. तिथं पंखाही लागत नाही.

निघताना सचिवांना म्हटलं, पुढच्या वेळी साउंड मी बघतो, पैसे नकोत. कवींना माइक द्यायचा नाही, फक्त निवेदकाला द्यायचा, आणि त्याचं बटण माझ्याकडं राहील. ते म्हणाले, कार्यकारिणीच्या बैठकीत ठेवतो.